परवान्यापासून 24 जुलैपर्यंत

एके काळी बजाजची स्कूटर नोंदवली, की ती दारात यायला आठ-दहा वर्षंही लागत. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं आहे, आकुर्डीचा कारखाना गाड्या काढायला तयार आहे. पण परवान्यात लिहिलेल्या आकड्यापुढे जायची मुभा नाही. अशी कित्येक घरं नंबर लागायची वाट बघत राहिली.

या रांगेचं मूळ सत्तेतल्या पक्षाच्या विचारात होतं. 1951च्या कायद्याने कारखान्यांना परवाना सक्तीचा झाला. जानेवारी 1955मध्ये मद्रासजवळच्या आवडी या गावी काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला आणि पुढच्याच वर्षी 17 उद्योग सरकारी क्षेत्रासाठी राखले गेले. 19 जुलै 1969ला इंदिरा गांधींनी 14 बँका सरकारी केल्या. त्यात पक्षातली भांडणंही होती. तीनच दिवस आधी त्यांनी पक्षातले प्रतिस्पर्धी मोरारजी देसाई यांचं अर्थखातं काढून घेतलं होतं. तरी या काळाला नुसतं 'परवाना राज' म्हणून मोडीत काढणं मला अन्यायाचं वाटतं. तेव्हा देशभरात बँकांच्या शाखा जेमतेम आठ हजार होत्या, 1990पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. सावकाराशिवाय कर्ज मिळू शकतं, हे कितीतरी गावांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

1977मध्ये जनता पक्ष आला, पण पकड सैल झाली नाही. कोका-कोला आणि आयबीएम देशाबाहेर गेल्या, फक्त लघुउद्योगांनीच बनवायच्या राखीव वस्तूंची यादी आठशेवर पोचली.

मग 1991. परकीय चलन जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. चंद्रशेखर सरकारने मे महिन्यात 20 टन सोनं विकायला काढलं. जुलैत, नरसिंह रावांचं काँग्रेस सरकार आल्यावर, आणखी सुमारे 47 टन गहाण पडलं. 24 जुलैला 18 उद्योग सोडून बाकीच्यांची परवान्याची अट गेली, आणि त्याच दिवशी मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला. आवडी इथे ठराव करणाऱ्या पक्षानेच तो ठराव मागे टाकला. मन वळलं म्हणून नव्हे, तिजोरी रिकामी झाली म्हणून, असंच मी मानतो. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या भाजपनेही सत्तेत आल्यावर निर्गुंतवणुकीचा, म्हणजे सरकारी कंपन्यांतला हिस्सा विकण्याचा, स्वतंत्र विभाग काढला. पाव बनवणारी मॉडर्न फूड आणि ॲल्युमिनियम बनवणारी बाल्को या सरकारी कंपन्या खासगी मालकांकडे गेल्या.

राखीव यादी मात्र हळूहळूच आटली. शेवटच्या 20 वस्तू सुटायला एप्रिल 2015 उजाडलं. त्यांत लोणचं होतं, पाव होता, मेणबत्त्या, उदबत्त्या, काचेच्या बांगड्या आणि शाळेच्या वह्याही होत्या.