पोटाला किती लागते? भुकेच्या मोजमापामागचा इतिहास

दारिद्र्यरेषेचे आकडे जाहीर झाले की त्यांवर दोन-चार दिवस चर्चा होते, पण ही रेषा मुळात कोणत्या प्रश्नातून जन्मली, याची आठवण फारशी काढली जात नाही. माणसाला दिवसाकाठी किती अन्न लागते, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत प्रशासक, डॉक्टर, अर्थशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अशा वेगवेगळ्या मंडळींनी शोधले, आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत. या न जुळण्यातूनच विषय पुढे सरकला. या वादाचे सर्वांत महत्त्वाचे पर्व पुण्यात घडले असल्यामुळे मराठी वाचकाला त्याची ओळख असायला हवी.

सुरुवात १८७६-७८ च्या दुष्काळापासून करावी लागते. मद्रास आणि मुंबई इलाख्यांत मदतकार्यावर होणारा खर्च आटोक्यात ठेवण्याच्या कामगिरीवर भारत सरकारने जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांना पाठवले. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि त्यावर किरकोळ पैसे एवढी मजुरी पुरे, असे त्यांनी ठरवले. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. विल्यम कॉर्निश यांनी याला उघड विरोध केला. दिवसभर खडी फोडणाऱ्या आणि माती वाहणाऱ्या माणसाला दीड पौंड धान्य आणि त्याच्या जोडीला डाळ-भाजी लागतेच, हे त्यांचे म्हणणे शरीरशास्त्राच्या आधारावर उभे होते. मुंबई इलाख्यात मजुरांनी कमी केलेल्या मजुरीवर काम करायचे नाकारले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. आहाराचे प्रमाण हा राज्यकारभाराचा आणि राजकारणाचा विषय होऊ शकतो, हे इथे पहिल्यांदा ठळकपणे दिसले.

त्याच काळात दादाभाई नौरोजींनी दारिद्र्याचे गणित मांडले. ब्रिटिश भारताचे दरडोई उत्पन्न त्यांनी वर्षाला २० रुपये काढले आणि ते सरकारी तुरुंगांत कैद्याच्या अन्नवस्त्रावर होणाऱ्या खर्चाशी ताडून पाहिले. सर्वसाधारण रयतेच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही, हा निष्कर्ष सरकारच्याच कागदपत्रांतून निघत असल्यामुळे तो खोडून काढणे अवघड होते. जगण्यासाठी किमान किती लागते हे आधी ठरवायचे आणि मग उत्पन्न त्याला पुरते का ते पाहायचे, ही दारिद्र्यमापनाची पद्धत दादाभाईंची आहे. तिचे श्रेय त्यांना पुरेसे दिले जात नाही, असे मला वाटते.

पुढची काही दशके धावती पाहिली तरी चालतील. निलगिरीतल्या कुन्नूर इथल्या प्रयोगशाळेत डॉ. रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन आणि त्यांच्यानंतर डॉ. वॉलेस आयक्रॉइड यांनी भारतीय धान्ये, डाळी आणि भाज्या यांच्या पोषणमूल्यांचे तक्ते तयार केले. ज्वारी, बाजरी, हरभरा यांतून किती ऊर्जा मिळते, हे त्यामुळे आकड्यांत सांगता येऊ लागले. इकडे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून तो १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. मूळचे रसायनशास्त्रज्ञ असलेल्या मॅन यांनी १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत कशी विभागली गेली आहे, हे शेतावर जाऊन मोजले. ज्या गावात आज उंच इमारती उभ्या आहेत, तिथे महाराष्ट्रातल्या ग्रामीण अर्थशास्त्राचा पाया एका रसायनशास्त्रज्ञाने घातला होता. १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी प्रत्यक्ष पाहणीचीच परंपरा वाढवली.

स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये नियोजन आयोगाच्या एका अभ्यासगटाने, ज्यात गाडगीळही होते, १९६०-६१ च्या किमतींनुसार दरडोई दरमहा २० रुपये हा किमान खर्च ठरवला. आरोग्य आणि शिक्षण यांचा खर्च त्यात धरला नव्हता, कारण तो भार सरकारने उचलायचा होता. मात्र हे २० रुपये कशाच्या आधारावर ठरले, याचे सविस्तर उत्तर उपलब्ध नव्हते. ती उणीव पुण्याच्या याच गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरच्या १९७१ च्या आपल्या अभ्यासात भरून काढली. त्यांनी दरडोई दररोज २,२५० कॅलरी ही आहाराची किमान पातळी मानली आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकडेवारीवरून, जी कुटुंबे प्रत्यक्षात एवढा आहार घेतात त्यांचा एकूण खर्च किती असतो, हे शोधले. ग्रामीण भागासाठी ही रक्कम महिना १५ रुपये आणि शहरांसाठी साडेबावीस रुपये आली. या हिशेबाने १९६०-६१ मध्ये ग्रामीण लोकसंख्येपैकी ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी ५० टक्के लोक रेषेखाली होते. सार्वजनिक कामे काढून लोकांना रोजगार द्यावा, ही त्यांची शिफारस होती. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास रोजगार हमी योजना आकाराला आली, तिच्यामागचा विचारही याच दिशेचा होता.

हे आकडे येतात कसे, तेही पाहिले पाहिजे. पाहणी करणारा कर्मचारी घरात बसून गेल्या तीस दिवसांत ज्वारी किती लागली, तांदूळ किती, तेल किती, गूळ किती असे एकेक विचारत जातो आणि घरची बाई आठवून सांगत जाते. शेतातली ज्वारी घरी आली असेल तर तिची किंमत काढावी लागते. पाहुणे जेवून गेले असतील किंवा गड्याला दुपारची भाकरी दिली असेल तर त्याचा हिशेब वेगळा. मग पोषणमूल्यांच्या तक्त्यांनुसार धान्याच्या किलोंचे कॅलरींत रूपांतर होते आणि माणसांच्या संख्येने भागून सरासरी निघते. या सरासरीत कोणाच्या ताटात काय पडले, हे दिसत नाही. सर्वांत शेवटी जेवणारी सून आणि धाकटी मुलगी यांचा आहार घरच्या आकड्यात विरून जातो.

दांडेकरांच्या मांडणीला सर्वांत गंभीर आव्हान दिले ते डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेल्या सुखात्म्यांनी लंडनमध्ये संख्याशास्त्राचे शिक्षण घेतले, भारतात पीककापणी प्रयोगांची नमुना पद्धत रुजवली आणि १९५१ पासून जवळजवळ वीस वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा संख्याशास्त्र विभाग सांभाळला. जगातले दोन-तृतीयांश लोक उपाशी किंवा अर्धपोटी आहेत, या त्या काळच्या प्रचलित विधानाची छाननी करून, अपुऱ्या आहारावर जगणाऱ्यांचे प्रमाण १० ते १५ टक्के असल्याचा अंदाज त्यांनी १९६१ मध्ये मांडला. निवृत्तीनंतर ते पुण्यात परतले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत संशोधन करू लागले.

त्यांचा मुद्दा असा होता की २,२५० किंवा २,३०० हा आकडा सरासरी गरजेचा आहे, किमान गरजेचा नाही. एकाच वयाच्या, वजनाच्या आणि सारखेच काम करणाऱ्या दोन निरोगी माणसांची गरज वेगळी असते; इतकेच नव्हे, तर एकाच माणसाचे सेवनही आठवड्यागणिक वरखाली होते आणि शरीर अन्नाचा वापर त्यानुसार जुळवून घेते. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणाऱ्या प्रत्येकाला कुपोषित म्हणता येणार नाही. सरासरीतून प्रमाण विचलनाची, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्या मापाची, दुप्पट वजा करून जी पातळी येते, तिच्या खालचाच माणूस निश्चितपणे उपाशी धरावा. सरासरी २,३०० आणि विचलन १५ टक्के धरले तर ही पातळी १,६१० कॅलरींवर येते, आणि भुकेल्यांची संख्या निम्म्याहूनही खाली उतरते.

इथे एक तुलना केल्यावाचून राहवत नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण ३५० कॅलरी असतात. म्हणजे टेंपलच्या एक पौंड धान्यातून सुमारे १,६०० कॅलरी मिळत. दोन आकडे जवळ आले तरी त्यांचा अर्थ एक नाही. टेंपलचे प्रमाण कष्टाचे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषासाठी होते, तर सुखात्म्यांची पातळी लहान मुलांसह सर्वांच्या सरासरीची होती आणि मजुरी कापण्याचा त्यांचा हेतू मुळीच नव्हता. त्यांचा खरा आग्रह वेगळाच होता: दूषित पाणी, हगवण आणि जंत यांमुळे खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, म्हणून पिण्याचे शुद्ध पाणी आणि स्वच्छता यांवर आधी खर्च करावा. हा आग्रह काळाच्या पुढचा होता.

तरीही टीकाकारांचे म्हणणे बिनतोड होते, असे माझे मत आहे. दांडेकर आणि सुखात्मे यांच्यात १९८१-८२ मध्ये मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तून जो दीर्घ वाद झाला, त्यात संख्याशास्त्राच्या सूक्ष्म मुद्द्यांइतकाच आकड्यांच्या अर्थाचाही प्रश्न होता. ज्याचे सेवन एखाद्या आठवड्यात कमी आणि पुढच्यात जास्त असते, त्याची तुलना वर्षानुवर्षे कमीच खाणाऱ्या मजुराशी कशी करायची? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे नेतृत्व केलेले डॉ. सी. गोपालन यांनी दाखवून दिले की कमी अन्नाशी शरीराची जुळवणी फुकट होत नाही. मुलांची वाढ खुंटते, प्रौढांचे काम कमी होते आणि ती किंमत गरीबच मोजतात.

सरकारी धोरण दरम्यान आपल्या मार्गाने गेले. १९७९ मध्ये ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरी भागासाठी २,१०० कॅलरींची पातळी ठरली. पण पुढे खर्च वाढत असताना कॅलरींचे सेवन घटत गेले. ग्रामीण भारतात १९८३ मध्ये दरडोई सुमारे २,२४० असलेला आकडा २००४-०५ मध्ये २,०५० च्या आसपास आला. कष्टाची कामे कमी झाली, पाणी आणि आरोग्य सुधारले, की इतर खर्चांनी अन्नावरचा खर्च दाबला, यावर अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत. सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये दारिद्र्यरेषा कॅलरींपासून सोडवली आणि शिक्षण-आरोग्याचा खर्चही हिशेबात घेतला.

याच सुमारास पुण्याजवळच्या सहा गावांतून वेगळीच माहिती येत होती. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या गर्भवतींचा आहार आणि त्यांची बाळे यांची नोंद ठेवली. या बायका दिवसाला सरासरी १,८०० कॅलरींच्या आसपास घेत आणि शेतात राबत. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. ती दिसायला किडकिडीत असली तरी इंग्लंडमधल्या बाळांच्या तुलनेत त्यांच्या अंगातले मांस फार कमी आणि चरबी मात्र टिकून राहिलेली होती. विज्ञानवर्धिनीच्याच आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांच्या सहभागाने २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, आईने घेतलेल्या कॅलरींचा बाळाच्या आकाराशी संबंध आढळला नाही. तो आढळला दूध, पालेभाज्या आणि फळांशी. पुढे २००८ मध्ये, ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरे ब जीवनसत्त्व जास्त असलेल्या मातांच्या मुलांत मधुमेहाकडे नेणारी लक्षणे सहाव्या वर्षीच दिसल्याचे प्रसिद्ध झाले. ती मुले वाढून वयात आल्यावर, २०१२ मध्ये, त्यांच्यासाठी ब-१२ पुरवण्याचा प्रयोग त्याच गावांत सुरू झाला आणि पुढे त्यांना झालेल्या बाळांचीही तपासणी करण्याचे ठरले. रोजच्या मात्रेत हे जीवनसत्त्व होते २ मायक्रोग्रॅम.