लँगरहान्स पेशी हिस्टिओसायटोसिस : बालकांतील रसायनोपचार (केमोथेरपी)

अस्थिमज्जेत उगम पावणाऱ्या एका पांढऱ्या पेशीचा हा दुर्मिळ विकार मुख्यतः बालवयात आढळतो. हाडे, त्वचा, पीयूषिका ग्रंथी (मेंदूच्या तळाशी असणारी), यकृत, प्लीहा यांपैकी एका किंवा अनेक ठिकाणी या पेशी साचतात.

विकाराला कर्करोग म्हणावे की दाह, हा वाद जुना आहे. विकृतिशास्त्रज्ञ लिक्टेनस्टाइन यांनी १९५३ मध्ये तोवर वेगळे मानलेले तीन आजार ‘हिस्टिओसायटोसिस एक्स’ या नावाखाली एकत्र आणले. त्यातील ‘एक्स’ अज्ञात पेशीसाठी होता. सध्याचे नाव १९८७ पासून रूढ झाले. एकाच हाडातील गाठ कधी नुसत्या बायॉप्सीनंतरही विरते, हा दाहपक्षाचा आवडता दाखला. मात्र २०१० मध्ये निम्म्याहून अधिक नमुन्यांत ‘ब्राफ’ जनुकातील उत्परिवर्तन सापडले आणि पारडे कर्करोगपक्षाकडे फिरले. आता ‘दाहयुक्त मायलॉइड अर्बुद’ (दाहासह वाढणारी, अस्थिमज्जेतील पेशींची गाठ) हे वर्णन अधिक ग्राह्य धरले जाते. नावातील लँगरहान्स यांनी १८६८ मध्ये वर्णिलेली त्वचेतील पेशी या विकाराचे मूळ नसावी, असेही आता बहुतेकांचे मत आहे.

एकापेक्षा जास्त अवयव किंवा अनेक हाडे बाधित असल्यास सहसा रसायनोपचार देतात. यकृत, प्लीहा व रक्तनिर्मिती यांना ‘जोखमीचे अवयव’ म्हणतात. ते बाधित असतील तर धोका बराच वाढतो.

रूढ पद्धतीत व्हिनब्लास्टिन (मूळ स्रोत सदाफुली) दर चौरस मीटर शरीरपृष्ठामागे ६ मिग्रॅ. या प्रमाणात आठवड्यातून एकदा, सहा आठवडे शिरेतून देतात. सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज ४० मिग्रॅ. प्रति चौरस मीटर, तीन डोसांत विभागून चार आठवडे देतात आणि पुढील दोन आठवड्यांत कमी करत नेतात. १६ किलो वजन व १०० सेंमी. उंचीच्या मुलाचे पृष्ठ सुमारे ०.६७ चौ. मी. भरते, म्हणजे व्हिनब्लास्टिन ४ मिग्रॅ. आणि प्रेडनिसोलोन रोज सुमारे २७ मिग्रॅ. सहाव्या आठवड्यानंतर प्रतिसाद तपासतात. तो पुरेसा नसल्यास, पण आजार वाढतही नसल्यास, आणखी सहा आठवड्यांचा टप्पा देतात. पुढे दर तीन आठवड्यांनी व्हिनब्लास्टिनचा एक डोस व पाच दिवस प्रेडनिसोलोन, असे मिळून एकूण १२ महिने. सहा महिन्यांवर थांबल्यास आजार उलटण्याचे प्रमाण अधिक दिसले आहे.

व्हिनब्लास्टिन शिरेबाहेर झिरपले तर ऊतक जळते. सुई टोचलेल्या जागी आग किंवा सूज दिसताच औषध थांबवून, सुई न काढता, आत राहिलेले औषध ओढून घेतात. नंतर शेक गरम द्यायचा; बर्फाने इजा वाढते, आणि नेमकी इथेच सवयीने चूक होते. हे औषध पाठीच्या मणक्यात कधीही देत नाहीत, तसे झाल्यास मृत्यू ओढवतो. म्हणून ते सिरिंजऐवजी छोट्या सलाईन पिशवीतून देणे सुरक्षित मानतात. बद्धकोष्ठता व जबडेदुखी ही मज्जातंतूंवरील परिणामाची लक्षणे होत. व्होरिकोनाझोलसारखी बुरशीविरोधी औषधे सोबत चालू असल्यास ही लक्षणे बळावतात. पांढऱ्या पेशी घटल्या असताना ताप आला तर तातडीने रक्तसंवर्ध (रक्तातील जंतू शोधणारी चाचणी) करून प्रतिजैविक सुरू करतात.

दाद न देणाऱ्या आजारात सायटाराबिन, क्लॅड्रिबिन ही रसायनोपचाराची औषधे किंवा ब्राफरोधके (बदललेल्या ब्राफचे काम रोखणाऱ्या गोळ्या) वापरतात. ब्राफरोधकांनी लक्षणे झपाट्याने ओसरतात, पण गोळ्या बंद करताच बहुतेकांत आजार परततो. पीयूषिकेची हानी एकदा झाली की सहसा भरून येत नाही. अशा मुलाची अतितहान व अतिमूत्रता रसायनोपचारानंतरही टिकते आणि मूत्राचे प्रमाण आटोक्यात ठेवणारे डेस्मोप्रेसिन चालूच ठेवावे लागते.