आण्विक अपघात आणि पिण्याच्या पाण्याविषयीची लोकचिंता

आण्विक अपघातात किरणोत्सर्गी द्रव्ये वातावरणात पसरली की नळाचे पाणी प्यावे का, त्यात बाळाचे दूध कालवावे का, असे प्रश्न घरोघरी उभे राहतात. त्यातून निर्माण होणाऱ्या सार्वजनिक अस्वस्थतेचा विचार या नोंदीत केला आहे. 1979 मध्ये अमेरिकेतील थ्री माइल आयलंड, 1986 मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातील चेर्नोबिल आणि 2011 मध्ये जपानमधील फुकुशिमा दाइइची या तिन्ही अपघातांनंतर पाण्याचा प्रश्न पुढे आला. त्यांतला टोकियोचा अनुभव जास्त तपशिलात पाहता येतो, कारण तिथे पाण्याच्या तपासणीचे आकडे रोज जाहीर होत होते. अशा चिंतेला सरसकट ‘घबराट’ म्हणून मोकळे होण्याची सवय अनेक ठिकाणच्या प्रशासनांना आहे. टोकियोतला घटनाक्रम नीट पाहिला तर लोकांनी विचारलेले बहुतेक प्रश्न रास्त होते, असे दिसते.

पाण्यापर्यंतची वाट : अणुभट्टीतील इंधन वितळले की सहज वायुरूप होणारी द्रव्ये आधी निसटतात. पाण्याच्या दृष्टीने त्यांत महत्त्वाची दोन : आयोडीन-131 आणि सीझियम (134 व 137). वाऱ्याबरोबर ती दूर जातात आणि पाऊस लागला की खाली उतरतात. ज्या नदीचे किंवा धरणाचे पाणी उघड्यावर आहे तिथे ती थेट मिसळतात. खोल विहिरींपर्यंत ती लगेच पोहोचत नाहीत.

दोन्हींचा स्वभाव मात्र निराळा आहे. सीझियम मातीच्या बारीक कणांना घट्ट चिकटते. त्यामुळे जलशुद्धीकरण केंद्रात गढूळपणा खाली बसवला की त्याचा मोठा भाग गाळाबरोबर निघून जातो. आयोडीन बऱ्याच अंशी पाण्यात विरघळलेलेच राहते. कोळशाची सक्रिय पूड टाकून त्याचा काही भागच पकडता येतो. आयोडीन-131चे अर्धायुष्य (तीव्रता निम्मी होण्याचा काळ) आठ दिवसांचे, म्हणजे महिन्याभरात त्याची तीव्रता सुमारे पंधराव्या हिश्श्यावर येते. सीझियम-137चे अर्धायुष्य सुमारे 30 वर्षांचे आहे. पहिल्या पंधरवड्यातली नळाच्या पाण्याची काळजी ही म्हणूनच मुख्यतः आयोडीनची काळजी असते. शरीरात गेलेले आयोडीन गळ्यातील थायरॉईड म्हणजे अवटू ग्रंथीत साठते. तान्ह्या बाळांची ही ग्रंथी अगदी लहान असल्याने तेवढ्याच आयोडीनचा मारा तिच्यावर कितीतरी जास्त होतो.

टोकियो, मार्च 2011 : 11 मार्च रोजी भूकंप आणि त्सुनामीने फुकुशिमा दाइइची केंद्राचा वीजपुरवठा तुटला, शीतकरण थांबले आणि पुढच्या चार दिवसांत तीन इमारतींमध्ये हायड्रोजनचे स्फोट झाले. 21 मार्चपासून टोकियोच्या परिसरात पाऊस लागला. शहराच्या पूर्वेला कात्सुशिका भागात कानामाची हे मोठे जलशुद्धीकरण केंद्र आहे आणि ते एदो नदीचे पाणी घेते. 22 मार्चच्या सकाळी तिथे घेतलेल्या नमुन्यात लिटरमागे 210 बेकरेल (किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) आयोडीन-131 सापडले. फुटलेल्या अणुभट्ट्या तिथून दोनशे किलोमीटरहून दूर होत्या.

अपघातानंतर लागू केलेल्या तात्पुरत्या मर्यादा अशा होत्या : मोठ्यांसाठी किलोमागे 300 बेकरेल आणि एक वर्षाखालील बाळांसाठी 100. त्यामुळे 23 मार्चला महानगर प्रशासनाने जे जाहीर केले ते ऐकणाऱ्याला कोड्यात टाकणारे होते. हे पाणी मोठ्यांनी प्यायला हरकत नाही, बाळांना मात्र देऊ नये. शहराचे 23 विभाग आणि मुसाशिनो, मिताका, माचिदा, तामा, इनागी ही पाच उपनगरे यांना ही सूचना लागू. एकाच नळाचे एकच पाणी आईला चालते आणि बाळाला चालत नाही. मग अंगावर पाजणाऱ्या आईचे काय? गरोदर बाईचे काय? तेरा महिन्यांच्या मुलाचे काय? या प्रश्नांची उत्तरे वैज्ञानिकांकडे होती, पण घोषणेबरोबर ती लोकांच्या हाती पडली नाहीत. त्या संध्याकाळी दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्या संपल्या, यात नवल ते काय?

प्रशासनाने हालचाल मात्र चटकन केली, हे नोंदवायलाच हवे. दुसऱ्या दिवसापासून तान्ही बाळे असलेल्या घरांना दर बाळामागे 550 मिलिलिटरच्या तीन बाटल्या देण्यात आल्या. बाळांची संख्या सुमारे 80,000, म्हणजे 2 लाख 40 हजार बाटल्या. 23 तारखेच्या नमुन्यात आकडा 190 वर आला, 24 ला 79 वर, आणि त्याच दिवशी टोकियोतली सूचना मागे घेण्यात आली. तत्कालीन गव्हर्नर शिंतारो इशिहारा यांनी कानामाचीत जाऊन कॅमेऱ्यांसमोर नळाचे पाणी प्यायले. त्याने किती लोकांचे समाधान झाले असेल, हा प्रश्नच आहे. मोठ्या माणसाला ते पाणी चालते हे तर आधीच सांगून झाले होते; शंका बाळाच्या पाण्याची होती.

त्या दिवसांत आणखी एक अडचण होती, ती बाहेरून सहज दिसत नाही. परदेशी बाटलीबंद पाण्यांपैकी काहींत क्षार बरेच असतात आणि अशा पाण्यात बाळाचे पावडरचे दूध कालवणे बरे नसते. म्हणून जपानमधील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी सांगितले, की दुसरे योग्य पाणी नसेल तर थोडे दिवस नळाचे पाणी द्या, पण बाळाला तहानलेले ठेवू नका. शरीरातले पाणी कमी होणे हा त्याहून मोठा आणि तातडीचा धोका आहे. बाटल्यांची मागणी इतकी वाढली, की झाकणांचा तुटवडा पडला आणि मोठ्या पेय कंपन्यांनी काही काळ सगळ्या बाटल्यांना एकसारखी साधी पांढरी झाकणे वापरली.

खरी झळ टोकियोला लागलीच नव्हती. अणुवीज केंद्राच्या वायव्येला, डोंगरातल्या इइताते गावात 20 मार्चच्या नमुन्यात 965 बेकरेल आढळले आणि तिथे मोठ्यांनाही नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. बाळांसाठीची ती सूचना 10 मेपर्यंत उठली नाही. तोवर संपूर्ण गाव रिकामे करण्याचा निर्णय झालेला होता. जगभर बातमी मात्र टोकियोच्या रिकाम्या फडताळांची झाली.

आकडा आणि त्याचा अर्थ : 210 बेकरेल म्हणजे त्या लिटरभर पाण्यात दर सेकंदाला 210 अणूंचे विघटन होते. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या गुणकांनुसार असे एक लिटर पाणी प्यायल्यावर मोठ्या माणसाला सुमारे 5 मायक्रोसीव्हर्ट (शरीराला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) आणि तान्ह्या बाळाला सुमारे 38 मायक्रोसीव्हर्ट मात्रा मिळते. जमीन, आकाश आणि अन्न यांतून माणसाला वर्षाकाठी सरासरी 2,400 मायक्रोसीव्हर्ट नैसर्गिकरीत्या मिळतातच. दोन-तीन दिवस असे पाणी पोटात गेल्याने होणारा धोका फार लहान होता, यात शंका नाही. बाळाला मिळणारी मात्रा मोठ्याच्या आठपट आहे, हेही तितकेच खरे. पहिले वाक्य वारंवार सांगितले गेले आणि दुसरे पुसटसे. लोकांचा विश्वास उडतो तो अशा अर्ध्या हिशेबांमुळे.

मर्यादांचे आकडेही गोंधळ वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य आयोडीन-131 आणि सीझियमसाठी लिटरमागे 10 बेकरेल आहे. ते नेहमीच्या दिवसांत वर्षानुवर्षे प्यायच्या पाण्यासाठी आहे. जपानच्या मर्यादा आणीबाणीच्या होत्या. 300 आणि 10 हे आकडे शेजारी ठेवणाऱ्या माणसाला सरकार तीसपट विष पाजते आहे असे वाटले, तर त्याला दोष देता येत नाही. दोन मोजपट्ट्या दोन वेगळ्या प्रसंगांसाठी आहेत हे सांगणे मोजणाऱ्याचे काम आहे. एप्रिल 2012 मध्ये जपानने पिण्याच्या पाण्यासाठी सीझियमची कायमची मर्यादा 10 बेकरेल ठरवली.

कीव्ह, 1986 : चेर्नोबिल केंद्र प्रिप्यात नदीकाठी होते. प्रिप्यातचे पाणी नीपर नदीवरच्या कीव्ह जलाशयात येते आणि खाली पंचवीस लाख वस्तीचे कीव्ह शहर. अपघात 26 एप्रिलला झाला. सोव्हिएत दूरचित्रवाणीने 28 च्या संध्याकाळी चार ओळींची बातमी दिली आणि 1 मेचे संचलन कीव्हमध्ये ठरल्याप्रमाणे पार पडले. पाण्यासाठी मग देस्ना नदीचा आणि खोल विंधन विहिरींचा आधार घेतला गेला. प्रिप्यातच्या खोऱ्यात शंभराहून अधिक लहान बंधारे घाईघाईने घातले. त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. पाण्यापुरते पाहिले तर नंतर डोकेदुखी ठरले ते स्ट्रॉन्शियम-90 हे किरणोत्सर्गी द्रव्य. ते मातीला सीझियमइतके धरून राहत नाही. 1991च्या हिवाळ्यात बर्फ अडून प्रिप्यातचा पूर काठावर चढला, तेव्हा नदीतले स्ट्रॉन्शियम एकदम वाढले.

पण चेर्नोबिलमध्ये मुलांचा घात केला तो दुधाने. आयोडीन पडलेल्या कुरणांत गाई चरल्या, ते दूध मुलांच्या पोटात गेले, आणि वेळेवर कुणी थांबवले नाही. त्या वेळी 18 वर्षांखालील असलेल्यांमध्ये थायरॉईड कर्करोगाचे 6,000हून अधिक रुग्ण 2005 पर्यंत नोंदले गेले. त्यांतला मोठा वाटा या दुधाचा मानला जातो. जपानी आयांनी 2011 मध्ये शासनाच्या शब्दावर लगेच विश्वास ठेवला नाही, त्यामागे हा इतिहास होता.

घरगुती उपाय आणि अफवा : पाणी उकळून आयोडीन जात नाही, पाणी आटते आणि आयोडीनचे प्रमाण उलट थोडे वाढते. घरातल्या आरओ यंत्राने आयोडीन व सीझियम बरेच कमी होतात. ट्रिटियम मात्र कोणत्याच गाळणीने निघत नाही, कारण तो हायड्रोजनचाच किरणोत्सर्गी प्रकार असून पाण्याच्या रेणूचा भाग बनलेला असतो. 2011 मध्ये जपानमध्ये आयोडीनयुक्त गुळण्यांचे औषध पिण्याची टूम निघाली; ते पिऊ नका असे राष्ट्रीय किरणोत्सर्ग विज्ञान संस्थेला जाहीरपणे सांगावे लागले. चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मिठाचे साठे केले. मिठातून मिळणारे आयोडीन इतके थोडे असते, की त्याने थायरॉईडचे रक्षण होण्यासाठी किलोंनी मीठ खावे लागेल.

साठवलेल्या पाण्याचा वाद : अपघात सरला तरी भट्ट्या थंड ठेवण्यासाठी वापरलेले पाणी उरतेच. थ्री माइल आयलंडचे शुद्ध केलेले पाणी सस्क्वेहाना नदीत सोडायला नदीचे पाणी पिणाऱ्या लँकेस्टर शहराने न्यायालयात विरोध केला. अखेर 1990च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे 87 लाख लिटर पाणी वाफ करून हवेत सोडण्यात आले. फुकुशिमात 2023 मध्ये हेच प्रमाण कित्येक पटींनी मोठे होते : 13 लाख टनांहून अधिक. 24 ऑगस्ट 2023 पासून ते प्रक्रिया करून, ट्रिटियम लिटरमागे 1,500 बेकरेलच्या खाली येईल इतके समुद्राचे पाणी मिसळून, टप्प्याटप्प्याने समुद्रात सोडले जात आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे पिण्याच्या पाण्यातील ट्रिटियमचे मार्गदर्शक मूल्य 10,000 बेकरेल आहे. तरीही चीनने जपानी सागरी अन्नावर बंदी घातली आणि मच्छीमारांनी विरोध कायम ठेवला. 2011च्या ऑक्टोबरमध्ये यासुहिरो सोनोदा या शासकीय प्रतिनिधीने केंद्रात साठलेले शुद्ध केलेले पाणी पत्रकारांसमोर ग्लासातून प्यायले होते. नुसते पिऊन सुरक्षितता सिद्ध होत नाही, हे त्यांनी स्वतःच तिथे सांगितले.

भारतातील संदर्भ : चेर्नोबिलनंतर आयर्लंडहून आलेले लोणी मुंबईच्या दूध योजनेत वापरण्यास हरकत घेणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तज्ज्ञ समितीच्या अहवालावरून 1988 मध्ये ते लोणी निर्धोक ठरवण्यात आले. नोव्हेंबर 2009 मध्ये गोव्याच्या सीमेपासून जवळच असलेल्या कर्नाटकातील कैगा अणुवीज केंद्रात पन्नासहून अधिक कामगारांच्या शरीरात ट्रिटियम आढळला. तो अपघात नव्हता. पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कोणीतरी जाणूनबुजून ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले होते. फुकुशिमानंतर सव्वा महिन्याने, एप्रिल 2011 मध्ये, जैतापूर प्रकल्पाविरोधातील आंदोलनात रत्नागिरी जिल्ह्यातील साखरी नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एकाचा मृत्यू झाला. तिथल्या मच्छीमारांची धास्ती मुख्यतः समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची आणि मासळीची होती.

भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यातील अल्फा किरणोत्सर्ग लिटरमागे 0.1 बेकरेल आणि बीटा किरणोत्सर्ग 1 बेकरेलपेक्षा जास्त नसावा. ही मर्यादा रोजच्या पाण्यासाठी आहे. अणुवीज केंद्रांभोवतीचे पाणी, दूध, मासे आणि माती भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा नियमित तपासतात. आयोडीन आणि सीझियमचे मोजमाप गॅमा किरणांवरून काही तासांत होते; स्ट्रॉन्शियमला रासायनिक विलगीकरण लागते आणि उत्तर यायला दिवस, कधी आठवडे जातात. संकटाच्या काळात पहिल्या दिवशीच्या आकड्यात काय मोजले आहे आणि काय मोजायचे राहिले आहे, हे आकड्याबरोबर छापले जायला हवे.