कुमठे बीट, 2015 चा निर्णय आणि त्यानंतर : ‘मुलांसोबत शिकण्या’ची पार्श्वभूमी

मुलांना शाळेच्या कामात वाटेकरी करून घेणे सातारा जिल्ह्याला नवे नाही. कराडजवळच्या काले गावात 1919 साली सुरू झालेल्या आणि पुढे साताऱ्यात रुजलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत स्वयंपाक, साफसफाई, शेतकाम मुलेच करीत. ती भागीदारी मुख्यतः श्रमाची होती. वर्गातला खडू पुढची कितीतरी वर्षे गुरुजींच्याच हातात राहिला.

वर्गातला बदल सुरू झाला तो 2010 नंतर. शिक्षण हक्क कायद्याने कृतीतून आणि शोधातून शिकण्याची भाषा आणली. त्याच वर्षी 20 ऑगस्टच्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू केले. पहिली-दुसरीसाठी आकारिकला (शिकत असताना वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाला) 70 टक्के आणि संकलितला (सत्राअखेरच्या परीक्षेला) 30 टक्के भारांश ठरला. मूल शिकत असताना काय करते, हे लेखी परीक्षेपेक्षा मोलाचे आहे असे पहिल्यांदा गुणांच्या भाषेत मान्य झाले. मात्र बऱ्याच शाळांत त्याचे नोंदवह्यांत रूपांतर झाले आणि वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात आल्या.

सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचे (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट) वेगळेपण इथे लक्षात येते. 2012 च्या सुमारास तिथल्या विस्तार अधिकारी बाईंनी बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवते असे मानणाऱ्या पद्धतीने, काम सुरू केले. बाकांऐवजी जमिनीवर गट, भिंतीवर मुलांच्या हाताला येतील असे फळे, फरशीवर अक्षरे आणि संख्यापट, मोजायला खडे, चिंचोके, काड्यांचे गठ्ठे. 43 मधून 17 वजा करायचे तर मूल स्वतः दशकाचा एक गठ्ठा सोडते, त्या सुट्या काड्यांतून सात उचलते आणि आपण काय केले ते शेजारच्याला सांगते. शिक्षक त्याच गटात मांडी घालून बसतो, उत्तर सांगण्याची घाई करीत नाही. तितकेच महत्त्वाचे होते शिक्षकांनी आपसांत बसून कुठे अडले ते मोकळेपणाने बोलणे. अधिकारी तपासायला न येता शिकायला येतो, हा अनुभव अनेकांना नवा होता.

22 जून 2015 रोजी प्रत्येक मूल शिकलेच पाहिजे असे म्हणणाऱ्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि वादही तिथूनच सुरू झाला. निर्णयामागची तळमळ खरी होती. वरच्या वर्गांत गेलेल्या मुलांना वाचता येत नव्हते, हातच्याची वजाबाकी येत नव्हती. प्रत्येक मूल शिकू शकते हे ठासून सांगणे गरजेचे होते. राज्यभरातले शिक्षक गाड्या करून कुमठ्याला आले, सांगली-कोल्हापूरहून तर आलेच. वर्गात काय घडते ते डोळ्यांनी बघून मग आपल्या शाळेत करायचे, ही प्रेरणाभेटीची कल्पना कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा सरस होती, हे विरोधकांनीही मान्य करावे.

पण एका दिवसाच्या भेटीत दिसते ती रंगवलेली फरशी. लोकवर्गणी जमली, रंगारी आले, फोटो निघाले. तीन-तीन वर्षे चाललेल्या शिक्षकांच्या बैठका फोटोत येत नाहीत, म्हणून त्या मागे राहिल्या. त्याच निर्णयाने पायाभूत आणि संकलित चाचण्या आणल्या, शाळा ‘प्रगत’ झाली की नाही हे ठरवायला निकष आणले. मुलाच्या गतीने चालायचे म्हणणारी पद्धत तारखेला बांधली गेली. चाचणी हवी की नको, हा प्रश्न नव्हताच. मूल कुठे आहे ते शिक्षकाला कळलेच पाहिजे. आकडा शिक्षकासाठी आहे की वरच्या कार्यालयासाठी, हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी कार्यालयाच्या बाजूने गेले. कुमठ्यात जे वाढत वाढत आले होते, ते इतरत्र आदेशाने लावले गेले, हा आक्षेप म्हणूनच आजही टिकून आहे.

पुढच्या घडामोडी भराभर आल्या. कोविडमध्ये शाळा बंद झाल्या, गल्लीतली मोठी मुले धाकट्यांना शिकवू लागली आणि ‘विषयमित्र’, म्हणजे एखाद्या विषयात सोबत्यांना मदत करणारी मुले, कामाला आले. 2021 मध्ये केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाने पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी 2026-27 ची मुदत घातली. 2023 मध्ये राज्याने पाचवी व आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षेचे बंधन आणले. 2025 मध्ये ‘निपुण महाराष्ट्र’बरोबर चावडी वाचन आले, म्हणजे मुलांनी गावासमोर वाचून दाखवायचे. पालक जोडले जातात हा त्याचा फायदा. अडखळणाऱ्या मुलावर सगळ्यांची नजर खिळते हा धोका.

याच काळात, सप्टेंबर 2023 मध्ये, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार शासनाने पुढे आणला. पाटण, जावळी, महाबळेश्वर तालुक्यांतल्या वाड्यांना त्याची धास्ती वाटणे साहजिक होते. द्विशिक्षकी, बहुवर्ग शाळेत पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत असतात. चौथीतली मुलगी पहिलीतल्याला वाचून दाखवते, कारण त्या वेळी बाई तिसरीच्या गटात असतात. मिळून शिकण्याची पद्धत जिथे गरजेतून रोज चालते, त्याच या शाळा.