वस्तादानं राखून ठेवलेला डाव

कोल्हापुरात गंगावेशीत कट्ट्यावर दूध पीत बसलेलो, तेव्हा मित्रानं मोबाईलवर त्याच्या नव्या एकांकिकेचं स्क्रिप्ट दाखवलं. कुस्तीचा म्हातारा वस्ताद, आणि 12 वर्षांनी तालमीत आलेला त्याचा जुना पठ्ठा, जो आता मोठ्या शहरात मॅटवर पोरं तयार करतो. भांडून गेलेला. कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला दोघंच. पठ्ठा पाया पडतो, वस्ताद विचारतो, "जेवलायस काय?"

मला तिथंच गलबलून आलं राव. आणि मग डोक्यात किडा वळवळायला लागला, की हे दोघं काहीच बोलत नाहीत तरी आपण का एवढे गुंततो?

आपल्याकडं म्हणतातच की वस्ताद सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो. आता तो का राखतो? उद्या पठ्ठा उलटला तर हाताशी असावा म्हणून, का पठ्ठ्यानं स्वतः शोधावा म्हणून? माया का भीती? माझ्या मते सगळी गंमत ह्या न सुटणाऱ्या प्रश्नात आहे, आणि सायन्सवाल्यांकडं ह्याच्याशी जुळणारं बरंच काय काय आहे.

ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि बर्ट उचिनो ह्या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये एक अभ्यास छापला. लोकांच्या दंडाला बीपीचं मशीन लावून दिलं, रोजची कामं करत हिंडा म्हटलं, आणि कुणाशी बोलताना बीपी किती होतं ते बघितलं. आपल्याला वाटणार की ज्याच्याशी वाकडं त्याच्यासमोर सगळ्यात वाढत असेल. तर नाही! वरचं बीपी सगळ्यात जास्त निघालं ते अशा माणसांशी बोलताना, ज्यांच्याबद्दल जीवही आहे आणि रागही आहे. दुश्मन कसा वागणार ते ठरलेलं असतं, मन तयारीत असतं. पण जो पाठीवर थाप मारेल का टोमणा मारेल ह्याचा पत्ताच नाही त्याच्यासमोर मन सारखं हिशोब मांडत बसतं. (बायको म्हणाली, ह्याला अभ्यास कशाला पाहिजे, तुमच्या मोठ्या काकांना घरी बोलवा.) गोष्टीत नेमका हाच हिशोब लेखक आपल्याला मांडायला लावतो, फक्त जोखीम आपली नसते.

दुसरं म्हणजे 'माजी शिष्य' म्हणतो त्यातल्या 'माजी' ह्या शब्दातच लय दम आहे. कॅथी क्रॅम ह्या बाईंनी 1983 मध्ये एका मोठ्या कंपनीतल्या सीनिअर-ज्युनिअरच्या 18 जोड्यांचा अभ्यास करून अशा नात्याचे चार टप्पे सांगितले: जुळणं, बहरणं, तुटणं आणि नव्यानं ठरणं. शिकताना कोण वर कोण खाली ते फिक्स असतं. पण तुटल्यानंतर? पठ्ठ्यानं आता खुर्चीत बसायचं का मातीत, पहिलं कोण बोलणार, चूक दिसली तर सांगायची का, काहीच ठरलेलं नाही. म्हणून अशा सीनमध्ये नुसता पाण्याचा तांब्या पुढं केला तरी प्रेक्षक श्वास रोखतो. परशुराम आणि भीष्म तर 23 दिवस लढले, गुरु-शिष्य असून! ते असूनच म्हणा की.

आणि तिसरं जरा डोकं खाणारं आहे. रॉबिन डनबार हा मानसशास्त्रज्ञ म्हणतो की माणसाला एकाच्या मनातलं दुसऱ्याच्या मनात, असं साधारण पाच पायऱ्यांपर्यंत झेपतं. आता मोजा: मला कळतं, की पठ्ठ्याला वाटतंय, की वस्तादाला ठाऊक आहे, की पठ्ठ्याला माफी हवी आहे. झाल्या चार, आणि स्टेजवर माणसं दोनच. जुनी ओळख असल्यामुळं हे सगळं न बोलता चालतं, दोन अनोळखी माणसांत हे करायचं म्हटलं तर पानभर डायलॉग लागतील.

म्हणून मी मित्राला सांगितलं, शेवटी वस्ताद डाव का राखला ते सांगतो तो डायलॉग काढ. कुरकुर केली पण काढला. आता "जेवलायस काय?" ह्याला पठ्ठा काय उत्तर देतो ह्यावर आमचं जमेना, मी म्हणतोय त्यानं नुसतं "हो" म्हणावं, हा म्हणतोय तो "हो" म्हणेल पण सकाळपासून उपाशी असेल आणि वस्तादाला ते दिसत असेल.