संसदेच्या गोल इमारतीतलं तिसरं दालन आणि आजूबाजूचा पसारा

२८ मे २०२३ ला नवीन संसद भवन सुरू झालं आणि तेव्हापासून जुन्या गोल इमारतीबद्दल लोक 'होती' असंच बोलायला लागलेत. पण ती जागेवरच आहे, आता तिला संविधान सदन म्हणतात. तिच्या आत आणि भोवती कोणकोणत्या संस्था वाढल्या हे आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं, सगळा भर खांब किती आणि खर्च किती यावरच असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मला स्वतःला या इमारतीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की जी दालनं एका कामासाठी बांधली त्यांना आपण पूर्ण वेगळ्या कामाला लावलं, आणि त्यातूनच आपल्या मोठमोठ्या संस्था उभ्या राहिल्या.

सुरुवात १९११ पासून. डिसेंबरच्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवायचं जाहीर केलं, मग एडविन ल्युटेन्स आणि हर्बर्ट बेकर हे दोन वास्तुविशारद कामाला लागले. पण त्या पहिल्या आराखड्यात स्वतंत्र संसद भवन नव्हतंच! कौन्सिलची, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळाची, बैठक व्हाइसरॉयच्या घरातच, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनात घ्यायची असा विचार होता. १९१९ चा माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचा कायदा आला आणि केंद्रात दोन सभागृहं झाली, सेंट्रल लेजिस्लेटिव्ह असेंब्ली आणि कौन्सिल ऑफ स्टेट, शिवाय संस्थानिकांसाठी नरेंद्र मंडळ निघालं. तीन मंडळं म्हणजे तीन दालनं हवीत. बेकरने आधी तीन पंखांची त्रिकोणी इमारत काढली होती, ल्युटेन्सने गोलच पाहिजे म्हणून हट्ट धरला आणि शेवटी गोलाकार मंजूर झाला, बेकरला दुसऱ्याच्या आकारात आपली इमारत बसवावी लागली. शंभर वर्षांनी शेजारीच जी नवी इमारत झाली ती त्रिकोणी आहे, हे बघून बेकरच्या त्या पहिल्या कागदाची आठवण होतेच.

१२ फेब्रुवारी १९२१ ला ड्यूक ऑफ कॅनॉटने पायाभरणी केली, १८ जानेवारी १९२७ ला लॉर्ड आयर्विनने उद्घाटन केलं. व्यास ५६० फूट, बाहेर २७ फुटी १४४ खांब, खर्च ८३ लाख. मध्य प्रदेशातल्या मितावलीच्या चौसष्ट योगिनी मंदिरावरून ही इमारत घेतली असं फॉरवर्ड फिरत असतं, दिसायला साम्य आहे हे खरं, पण या दोघांनी तिथून आकार घेतल्याचा कागदोपत्री पुरावा कुणी दाखवलेला नाही, त्यामुळे मी तरी ते ठामपणे सांगणार नाही.

आता ते तिसरं दालन. बाकीच्या दोन दालनांत पुढे लोकसभा आणि राज्यसभा बसली हे सगळ्यांना माहिती असतं, ८ एप्रिल १९२९ ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बॉम्ब टाकला तो याच असेंब्लीच्या दालनात हेही माहिती असतं. संस्थानिकांच्या दालनाचं मात्र कुणी नाव काढत नाही. नरेंद्र मंडळ म्हणजे फक्त सल्ला द्यायची संस्था, कायदा करायचा अधिकार नाही आणि बैठकाही वर्षाकाठी कधीतरी, म्हणजे एवढं मोठं दालन बहुतेक वेळ रिकामंच. १९३५ च्या कायद्याने देशात फेडरल कोर्ट आलं आणि १९३७ मध्ये त्याला बसायला जागा मिळाली ती या दालनात. सर मॉरिस ग्वायर सरन्यायाधीश आणि सोबत दोन न्यायाधीश, शाह सुलेमान आणि आपले मुकुंदराव जयकर. हो, तेच जयकर जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि ज्यांच्या नावाची लायब्ररी विद्यापीठात आहे. तेव्हा या कोर्टाच्या वर लंडनची प्रिव्ही कौन्सिल होती, तिकडची अपिलं १९४९ ला बंद झाली, आणि २८ जानेवारी १९५० ला त्याच दालनात सुप्रीम कोर्टाचं उद्घाटन झालं. हरिलाल कानिया पहिले सरन्यायाधीश.

इथून पुढची आठ वर्षं मला फार विलक्षण वाटतात, कारण कायदे करणारे आणि ते तपासणारे एकाच छपराखाली बसत होते. मे १९५० मध्ये रोमेश थापर खटल्यात कोर्टाने मद्रास सरकारची एका साप्ताहिकावरची बंदी उठवली, एप्रिल १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात कॉलेज प्रवेशातल्या जातवार जागा रद्द केल्या. लगेच त्याच इमारतीतल्या बाजूच्या सभागृहात हंगामी संसदेने घटनेची पहिली दुरुस्ती आणली, नेहरू मांडतायत, कायदामंत्री आंबेडकर बाजू लढवतायत, श्यामाप्रसाद मुखर्जी कडाडून विरोध करतायत, आणि जून १९५१ ला ती मंजूर झाली. मागासवर्गीयांसाठी खास तरतूद करायचा अधिकार देणारं कलम १५ मधलं पोटकलम ४ तेव्हाच आलं, ज्यात टाकलेल्या कायद्यांना कोर्टातल्या आव्हानापासून संरक्षण द्यायचं होतं ती नववी अनुसूचीसुद्धा तेव्हाचीच. मग त्या दुरुस्तीलाच कोर्टात आव्हान दिलं गेलं, म्हणजे परत त्या तिसऱ्या दालनात, आणि शंकरी प्रसाद खटल्यात कोर्टाने ती वैध ठरवली. हा सगळा प्रवास दीड वर्षाच्या आत एका इमारतीच्या पोटात झालाय! घटना दुरुस्तीवरून संसद मोठी की कोर्ट मोठं हा जो वाद आपण आजही घालतो त्याचं मूळ इथे आहे, आणि शाळेच्या पुस्तकात हे असं जागेसकट सांगितलं तर मुलांना किती चटकन कळेल असं मला मनापासून वाटतं.

१९५८ मध्ये सुप्रीम कोर्ट टिळक मार्गावरच्या स्वतःच्या इमारतीत गेलं. ती इमारत डिझाइन केली गणेश भिकाजी देवळालीकर यांनी, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याचे ते पहिले भारतीय प्रमुख. वरून बघितलं तर तराजूसारखी दिसते ती. आपल्याकडे ल्युटेन्सचं नाव पोराटोरांना माहिती असतं पण देवळालीकरांचं नाव विचारलं तर कुणी सांगत नाही, हे बदलायला हवं. रिकामं झालेलं दालन मग खासदारांच्या लायब्ररीला मिळालं.

सेंट्रल हॉलचंही असंच. तिथे आधी विधिमंडळाची लायब्ररी होती, पुस्तकं हलवून १९४६ मध्ये तो घटना समितीसाठी तयार केला आणि ९ डिसेंबर १९४६ ला पहिली बैठक झाली. १४ ऑगस्ट १९४७ ची मध्यरात्र, २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली तो दिवस, २४ जानेवारी १९५० च्या सह्या, सगळं या हॉलमध्ये. भिंतीवर नेत्यांची तैलचित्रं आहेत, त्यातलं लोकमान्यांचं चित्र गोपाळ देऊसकरांनी काढलेलं, १९५६ ला नेहरूंच्या हस्ते लागलं. नवीन इमारतीत सेंट्रल हॉल ठेवलेला नाही, संयुक्त बैठकीसाठी लोकसभेचंच दालन १२७२ जणांपर्यंत वाढवता येतं. जागेच्या हिशोबाने ते बरोबर असेल पण पक्षबिक्ष विसरून चहा-कॉफीवर गप्पा मारायची ती एक जागा होती आणि तिची भरपाई झालेली नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

कामकाज वाढलं तशी इमारत पुरेना. १९७५ मध्ये शेजारी ॲनेक्सी म्हणजे जोड इमारत झाली, समित्यांच्या बैठका मुख्यतः तिकडे. मग लायब्ररीसाठी वेगळी इमारत, राज रेवाल यांचं डिझाइन, उंची जुन्या इमारतीच्या वर जाऊ दिली नाही, बराचसा भाग जमिनीखाली घेतला. पायाभरणी राजीव गांधींनी १९८७ ला केली पण काम रखडलं, लातूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना १९९४ ला भूमिपूजन झालं आणि उद्घाटन २००२ च्या मे महिन्यात राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते. संसदेचं म्युझियमही याच इमारतीत. घटनेच्या हस्तलिखित प्रती संसदेच्या लायब्ररीतच खास काचेच्या पेट्यांत जपून ठेवलेल्या आहेत.

थोडं बाहेर आलं की रफी मार्गावर विठ्ठलभाई पटेल हाउस. विठ्ठलभाई हे असेंब्लीचे निवडून आलेले पहिले भारतीय अध्यक्ष, १९२५ चे. तिथेच मावळणकर हॉल, पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांच्या नावाचा, घराणं मूळचं रत्नागिरीकडचं. दुसऱ्या बाजूला रकाबगंज गुरुद्वारा आहे, नवी दिल्ली बांधताना इंग्रजांनी त्याची भिंत पाडली आणि शीख समाजाने मोठं आंदोलन करून ती परत बांधायला लावली. संसद मार्गाने वर गेलं की जयपूरच्या सवाई जयसिंगाचं जंतर मंतर, अठराव्या शतकातलं. मोर्चे आधी इंडिया गेटजवळच्या बोट क्लबवर व्हायचे, १९८८ मध्ये महेंद्रसिंग टिकैत यांच्या शेतकऱ्यांनी तिथे ठाण मांडलं, पुढे तिथली निदर्शनं बंद झाली आणि लोक जंतर मंतरवर जायला लागले.

आवारातल्या पुतळ्यांमध्ये तर महाराष्ट्र ठासून भरलाय. बाबासाहेबांचा पुतळा शिल्पकार ब. वि. वाघ यांचा, १९६७ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी अनावरण केलं. बसलेल्या गांधीजींचा १६ फुटी पुतळा धुळे जिल्ह्यातल्या राम सुतारांचा, १९९३ चा, खासदारांची धरणी वर्षानुवर्षं त्याच्याच पायाशी झाली. २००३ ला शिवाजी महाराज आणि महात्मा फुले आले, २००९ ला शाहू महाराज. २०२४ च्या जूनमध्ये आवारातले पुतळे एकत्र करून प्रेरणा स्थळ नावाच्या भागात नेले, त्यावरून वाद झाला. एका ठिकाणी सगळे बघायला मिळतात हे पाहुण्यांच्या सोयीचं आहे हे मान्य, पण गांधीजी आणि बाबासाहेब जिथे होते तिथून खासदारांची रोज ये-जा होती, कुठल्याही पक्षाच्या माणसाला त्यांच्यासमोर फलक घेऊन उभं राहता येत होतं, आणि म्हणून ते दोन तरी तिथेच ठेवायला हवे होते.