पार्श्वभूमी : मालवणी थाळी लालबागहून मालवणला कशी पोचली

मालवणच्या बाजारात 'अस्सल मालवणी जेवण' ही पाटी पाहून खरं तर थोडं थबकायला हवं. मालवणात मालवणी नाही तर काय मिळणार? ती पाटी मालवणकरासाठी नाहीच, ती बाहेरून आलेल्यासाठी आहे. मासे खायला पैसे देऊन बाहेर जायचं ही पद्धत कोकणातल्या घरांत मुळात नव्हती. पाहुणा आला तर वाटप, म्हणजे खोबऱ्याचा ओला मसाला, थोडं जास्त वाटायचं, एवढंच. कोर्टकचेरीला तालुक्याच्या गावी आलेला, बदलीवर आलेला मास्तर किंवा बंदरात अडकलेला खलाशी यांच्यापुरती एखादी खानावळ असे. मालवणी हॉटेल या प्रकाराचा जन्म झाला तो मुंबईत, गिरण्यांच्या आवारालगत.

मुंबईतली पहिली कापडगिरणी ताडदेवला १८५६ साली सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी या पट्ट्यात गिरण्यांची रांग उभी राहिली आणि तिथे माणूस पुरवला तो मुख्यतः घाटावरून आणि तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून. आजचा सिंधुदुर्ग त्याच जिल्ह्यात होता. बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरणारा गडी एकटा यायचा. बायकोमुलं गावी, शेतीवर. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे पंधरावीस जण असायचे. एक रात्रपाळीला निघाला की दुसरा त्याच्या पथारीवर. अशा खोलीत चूल पेटवणार कोण आणि कधी?

म्हणून खानावळ. शेजारच्या खोलीतली एखादी बाई, बहुधा त्याच गावची, वीस-तीस गड्यांचं जेवण करायची. गिऱ्हाइकाला 'मेंबर' म्हणत आणि बाईला मावशी. दोन वेळचं जेवण आणि पगार झाल्यावर महिन्याचा हिशेब. गिरणीचे भोंगे तीन, म्हणून जेवणाच्या पंगतीही तीन. पहाटेच्या पाळीवाल्याचा डबा भरायचा तर भाकऱ्या चारला उठून थापायला लागत. रविवारी मटण किंवा मासळी, बाकी दिवस आमटी, भाजी, सुकट. या धंद्याचं दुखणं उधारीत होतं. मेंबर महिनाअखेर पैसे देणार, वाणी मात्र व्याज लावणार. गणपती नि शिमग्याला चाकरमानी गावी गेले की जेवणारे निम्म्यावर येत, खोलीचं भाडं मात्र पुरतं भरायचं. ज्या गावाहून मेंबर आले त्या गावाची चव राखावी लागे, नाहीतर तो पलीकडच्या मावशीकडे जायचा. खानावळी गावावरून आणि जातीवरून ओळखल्या जात त्याचं कारण हेच. 'मालवणी चव' म्हणून आज जे विकलं जातं ती मेंबर टिकवण्यासाठी राखलेली शिस्त होती.

या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जं खानावळवालींच्या नावाने मिळवून दिली. सात वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ ला, कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, मेंबरच उरले नाहीत तेव्हा खानावळीही बसल्या.

चव मात्र तोवर रस्त्यावर आली होती. दादर, गिरगाव, परळच्या लहान हॉटेलांत खानावळीचंच ताट 'राइस प्लेट' किंवा 'थाळी' म्हणून एकेका जेवणाच्या दराने मिळू लागलं. मुंबईत बाहेर खाण्याची सवय त्याआधीच दुसऱ्यांनी लावली होती. इराण्यांनी चहा-ब्रून पाव दिला (मरीन लाइन्सजवळची कयानी १९०४ ची), उडुप्यांनी शाकाहारी पंगत (माटुंग्याचं रामा नायक १९४२ चं). मासळीवाल्या हॉटेलांच्या पाट्यांवर आधी 'गोमंतक' दिसायचं, 'मालवणी' शब्दाला गिऱ्हाईक नंतर आलं. दोन्ही एक नव्हेत, पण दादरच्या गर्दीत तो भेद कोण विचारतो!

कोकणात ही थाळी परतली ती पर्यटकाचा हात धरून. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला, १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. गंमत अशी की रेल्वे जुन्या बंदरांना टाळून आतून गेली. मालवणला स्टेशन नाही. कुडाळला उतरून सुमारे तीस किलोमीटर रस्त्याने जावं लागतं. त्यामुळे पहिली गर्दी स्टेशनच्या आणि महामार्गाच्या कडेला झाली, किनाऱ्यावरची घरगुती जेवणं नंतर वाढली. तिथे जेवायला येणारा अर्धा मुंबईचा, आणि त्याच्या डोक्यात दादरचं ताट. त्याला तेच हवं होतं.

म्हणून थाळीत सुरमई आणि पापलेट आले. किनाऱ्यावरच्या घरात मोठा मासा विकायचा आणि बांगडा, तारली, मांदेली घरात रांधायची हा हिशेब जुना. चपातीही शहरातली, इथली भाकरी तांदळाची. ताजं आणि स्वस्त खायचं असेल तर थाळीचा फलक सोडून 'आज ताजा काय आसा?' असं विचारावं. उत्तरात दोन-तीनच नावं आली तर बरं. सात-आठ आली तर त्यातले बरेचसे बर्फातले.

बर्फातला मासा ताटात ओळखता येतो. सुरमईची तुकडी अर्ध्या इंचाची, मीठ आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) लावून पंधरा मिनिटं ठेवलेली, मग हळद-तिखट आणि वर तांदळाचं पीठ व रवा. मध्यम आचेवर एकेक बाजू तीन-चार मिनिटं. ताजी तुकडी आतून पाकळीपाकळीने सुटते. गोठवून वितळलेली भुसभुशीत लागते आणि तिला पाणी सुटत असल्याने रवा तव्यावरच गळतो. तो गळू नये म्हणून काही ठिकाणी जाड थर चढवतात. रव्याचा कवच खाऊन झाल्यावर मासा सापडला तर कारण हे.

दुसरी खूण रश्शाची. घरी मासा रश्शात शिजतो. दुपारी शंभर ताटं काढणाऱ्या हॉटेलात रस्सा एकाच टोपात तयार असतो आणि तळलेली किंवा उकडलेली तुकडी वाढताना त्यात सोडतात. बांगड्याच्या कढीत तिरफळ (झणझणीत वासाचं एक सुकं फळ) हवं: चार बांगड्यांना आठ-दहा, बिया काढून, जराशी ठेचून, कढ येताना. वाटपात वाटली तर कडवट होतात. पापलेटला तिरफळ घालत नाहीत. तेव्हा बांगडा आणि पापलेट दोन्ही मागवून रस्सा एकसारखा लागला तर टोप एकच आहे, बोलायची गरज नाही.

सोलकढीवर तर सगळ्यात जास्त अन्याय झाला. एका नारळाचं खोबरं, दीड कप कोमट पाणी, दोनदा काढून फडक्यातून पिळलेलं दूध, त्यात दोन-तीन चमचे आगळ, दोन लसूणपाकळ्या, अर्धी हिरवी मिरची, कोथिंबीर. आगळातच मीठ असतं, म्हणून वरून घालताना चाखून घालावं. गरम केली की फाटते. फ्रिजमध्ये ठेवली तर खोबऱ्याची चरबी वर गोठून तुकडे दिसतात. बाहेर ठेवली तर दुपारची संध्याकाळी आंबते. म्हणजे ती दिवसभर पुरवायची वस्तूच नाही. रंग फिकट जांभळट-गुलाबी. लग्नाच्या मांडवासारखी भडक राणी रंगाची दिसली तर त्यात बीट किंवा रंग असतो, आणि खोबऱ्याऐवजी पावडर असण्याची शक्यताही बरीच.

कॅलेंडरही लक्षात ठेवावं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. त्यामुळे जुलैत रत्नागिरीच्या ताटात आलेली सुरमई पूर्वेकडून बर्फात प्रवास करून आलेली असू शकते किंवा मे महिन्यापासून गोठवलेली. त्या दिवसांत खाडीचे मासे, तिसऱ्या (शिंपल्या), कुर्ल्या (खेकडे) आणि सुकी मासळी मागवावी. जाणकार गोलमा (सुका जवळा) आणि सुक्या बांगड्याची कोशिंबीर शोधतात. शिजल्यावर जी तिसरी उघडली नाही ती बाजूला काढावी.

उत्तरेकडे सरकलं की पाटी तीच राहते, जेवण बदलतं. अलिबागच्या रस्त्यावर 'मालवणी' लिहिलेलं असतं, आत हात मात्र आगरी-कोळी बायकांचा: हिरवं वाटण, तांदळाची भाकरी, ताजी कोलबी. मुंबईहून मांडव्याला रो-रो बोट (गाड्याही नेणारी) २०२० साली सुरू झाल्यापासून शनिवार-रविवारची गर्दी वाढली आहे, तेव्हा शक्यतो मधल्या वारी जावं. दापोलीजवळच्या हर्णैच्या किनाऱ्यावर लिलावात स्वतः मासा घेऊन जवळच्या घरगुती खानावळीत रांधून घेता येतो. साफ करण्याचे आणि मसाल्याचे पैसे आधी ठरवावेत. गुहागर, हेदवी, वेळणेश्वरकडे मुक्काम शाकाहारी घरी असेल तर उकडीचे मोदक आदल्या रात्री सांगावे लागतात, कारण पिठी, खोबरं आणि उकड काढणारा हात हे तिन्ही सकाळी जुळवायचं असतं. कोंबडी-वड्यांचंही तसंच: पीठ मळून मुरायला हवं आणि वडे तळल्या तळल्या ताटात पडायला हवेत. दुपारी एकला जाऊन सव्वाला वडे मागितले तर मिळतील, पण ते सकाळचे असतील.